उतारावरच्या आंबा-काजूच्या बागेला हेवी-ड्युटी एटीव्ही चालेल का? आणि सुट्टीत तीच रानवाटांवर नेता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात २२ एकरांची हापूस आणि काजूची बाग, निम्मी सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर), निम्मी उतारावर. आंब्याचे क्रेट, खताच्या गोण्या आणि फवारणीचं पाणी वाहायला ५७० सीसीच्या आसपासची फोर व्हील ड्राइव्ह एटीव्ही (मोटारसायकलसारखं वर बसून हँडलने चालवायची चारचाकी) घ्यावी की मिनी ट्रॅक्टर? आणि सुट्टीच्या दिवशी मुलाला मागे बसवून तीच गाडी सह्याद्रीतल्या वाटांवर नेता येईल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. ने-आणीसाठी जरूर घ्या. मशागतीसाठी घेऊ नका. आंब्याच्या फवारणीला ती एकटी पुरणार नाही. फिरायला चालेल, पण हळू आणि एकट्याने. मुलाला मागे बसवून तर अजिबात नाही.

मी कोकणातल्या बागांमधून ही यंत्रं चालवतो, दुरुस्त करतो आणि नवीन घेणाऱ्यांना चालवायला शिकवतो. येणारा प्रत्येक जण आधी सीसी विचारतो, मग हॉर्सपॉवर. उतारावर काम करताना ताकद कमी पडली असं फार क्वचित होतं. तिथे तीन गोष्टींवर सगळं ठरतं: वजन किती आहे, ते गाडीवर कुठे ठेवलंय आणि उतार गाडीला समोरून लागतोय की आडवा. या तिन्हींचा हिशेब तुमच्या बागेशी जुळला तर एटीव्हीसारखं सोयीचं वाहन नाही. नाही जुळला तर तीच गाडी माणसाच्या अंगावर येते.

वजनापासून सुरुवात करू. उदाहरणाला पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० धरतो, कारण आपल्याकडे याच वर्गातली गाडी जास्त दिसते. ५६७ सीसीचं एक सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन. गाडीचं स्वतःचं कोरडं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास, जमिनीपासून उंची सुमारे २८ सेंटिमीटर, रुंदी सव्वा मीटरच्या आत. पुढच्या रॅकवर साधारण ४० किलो आणि मागच्या रॅकवर ८० किलो ठेवता येतात. हे आकडे वाचून लोक १२० किलो माल मोकळा समजतात, पण एकूण भाराची मर्यादा वेगळी असते. ती २२० किलोच्या आसपास आहे आणि तिच्यात तुम्ही स्वतः मोजले जाता, विंच (गाडी ओढून काढायची दोरखंडाची चरखी), पुढचा लोखंडी गार्ड, हत्यारांची पेटी हे सगळं मोजलं जातं. ८० किलोचा माणूस आणि ३० किलोची जोडणी धरली तर मालासाठी ११० किलोच उरतात. भरलेला आंब्याचा क्रेट २० किलोच्या आसपास असतो, म्हणजे सगळं नीट बांधून पाच क्रेट. युरियाची गोणी ४५ किलोची असते. मागच्या रॅकवर दोन गोण्या टाकल्या की तिथली मर्यादा ओलांडली, आणि समोरून चढ आला की पुढची चाकं हलकी होऊन हँडल ऐकेनासं होतं.

म्हणून खरं काम रॅकवर होत नाही, ट्रॉलीने होतं. या वर्गातल्या गाड्यांना ओढायची मर्यादा मॉडेलप्रमाणे साडेपाचशे ते सहाशे किलो दिलेली असते. ट्रॉलीचं स्वतःचं वजन तिच्यातच आलं आणि हा आकडा सपाट जमिनीचा आहे. ओढताना वेग किती ठेवायचा हेही पुस्तिकेत दिलेलं असतं: सपाटीवर ताशी १६ किलोमीटर, खडबडीत जागी, वळणावर आणि चढ-उतारावर ताशी ८. म्हणजे माणसाच्या भरभर चालीपेक्षा थोडं जास्त. हा वेग पाहून नवीन मालक नाराज होतात, पण त्यामागचं कारण साधं आहे. लहान ट्रॉल्यांना बहुधा ब्रेक नसतात. सव्वातीनशे किलोची गाडी, तिच्यावर तुम्ही आणि मागे पाचशे किलो. उतारावर ब्रेक दाबला की ट्रॉली गाडीला ढकलते, मागचं चाक घसरतं आणि गाडी-ट्रॉली घडीच्या चाकूसारखी दुमडते. उतारावरच्या बागेत मी ट्रॉलीसकट अडीच-तीनशे किलोंच्या पुढे जाऊ देत नाही. ट्रॉली हलकी बांधून घेतली तर आठ-दहा क्रेट बसतात. ते खाली, चाकांच्या आसापाशी आणि किंचित पुढे ठेवायचे, म्हणजे हुकावर एकूण वजनाचा दहावा हिस्सा येतो. मागे जास्त वजन गेलं तर ट्रॉली गाडीचा मागचा भाग वर उचलते आणि मागच्या टायरची पकडच जाते.

पाच-आठ क्रेटसाठी एवढा खर्च कशाला, असं वाटेल. एप्रिल-मे महिन्यात उतारावरच्या झाडाखालून पॅकिंग शेडपर्यंत डोक्यावर क्रेट नेणाऱ्या बायका-गड्यांचे हाल ज्यांनी पाहिलेत त्यांना हा प्रश्न पडत नाही. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर उन्हात दमतात, दमलेल्या माणसाकडून क्रेट आपटतो आणि आपटलेला हापूस चार दिवसांनी पेटीत काळा पडतो. पिकअप बागेच्या तोंडाशी थांबते, मिनी ट्रॅक्टर अरुंद वाटेवर वळत नाही. दहा बाय दहा मीटरवर लावलेल्या बागेत, झाडाच्या आळ्यापर्यंत जाऊन तिथल्या तिथे वळून येणारं दुसरं वाहन माझ्या माहितीत नाही. तिची टायरही रुंद असतात आणि हवा अगदी कमी, साधारण ५ पीएसआय, त्यामुळे झाडाखालची माती ती फारशी दाबत नाही. हंगामाबाहेर तिला काम कमी नसतं. छाटलेल्या फांद्या ओढून काढायच्या, शेणखत पोचवायचं, कुंपण आणि पंप बघून यायचं, रानडुकरं आली की रात्री वरच्या टोकापर्यंत जायचं. काजूच्या हंगामात गोळा केलेल्या बियांची पोतीही तशीच येतात.

आता आडवा उतार. या यंत्रावर माणसं मरतात ती बहुतेक गाडी उलटून खाली चिरडल्याने, आणि हे जगभर शेतीतच जास्त घडलंय. ऑस्ट्रेलियात हे इतकं वाढलं की सरकारने नियमच केला. ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या सर्वसाधारण कामाच्या नव्या एटीव्हीला, गाडी उलटली तर चालवणाऱ्याला चिरडण्यापासून वाचवणारी चौकट लागते आणि आडव्या उतारावर ती २८.८१ अंशांपर्यंत दोन चाकांवर येता कामा नये. काही मोठ्या कंपन्यांनी हे मान्य न करता तिथली विक्रीच थांबवली. आयर्लंडमध्ये २० नोव्हेंबर २०२३ पासून कामावर क्वाड (एटीव्हीचंच दुसरं नाव) चालवणाऱ्याला प्रशिक्षण आणि हेल्मेट सक्तीचं आहे. आपल्याकडे असा काही नियम नाही, त्यामुळे ती काळजी घेण्याची जबाबदारी बागमालकाची.

२८ अंश हा आकडा ऐकून तुम्हाला बरीच मोकळीक आहे असं वाटेल. ती चाचणी उभ्या गाडीची असते. तुमच्या बागेत गाडी चालत असते, वरच्या बाजूचं चाक गडग्याच्या सुट्या दगडावर चढतं, त्याच क्षणी खालचं चाक आळ्यात उतरतं आणि रॅकवर क्रेट असतात. मग उलटायला १५ अंशसुद्धा पुरतात. मी भरलेली गाडी आडव्या उतारावर १० अंशांच्या पुढे नेत नाही, रिकामी १५ च्या पुढे नाही. चढ-उतार समोरून घेताना किती अंशांच्या पुढे जायचं नाही हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मालासकट मी त्याच्या बरंच आत थांबतो. मोबाइलमध्ये कोन मोजायची सोय असते. एक फळी जमिनीवर टाका, तिच्यावर मोबाइल ठेवा आणि बागेतल्या सगळ्या उतारांचे कोन एकदा कागदावर उतरवून काढा. सरळ वर जाणाऱ्या आणि सरळ खाली येणाऱ्या वाटा आखा आणि वळायला सपाट जागा काढून ठेवा. ज्या तुकड्यात आडवं गेल्याशिवाय झाड गाठता येत नाही तिथे वाट कोरून सपाट करा, नाहीतर तो तुकडा गाडीसाठी बंद ठेवा. गाडीच्या किमतीत हा जेसीबीचा खर्चही धराच.

फवारणीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण विकणारे हमखास मागच्या रॅकवरची टाकी दाखवतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर टाकी आणि पंप वेगळे. रॅकची मर्यादा ८० किलो. शिवाय अर्धी रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण वळताना आतलं पाणी सगळं एका बाजूला धावतं. आणि एवढं करून काम किती होतं ते बघा. एकरी ४० झाडं धरली आणि बाग अर्धी आंब्याची असली तरी साडेचारशेच्या आसपास झाडं होतात. मोठ्या हापूसला एका फवारणीत १०-१५ लिटर द्रावण सहज लागतं. म्हणजे एका फेरीला पाच-सहा हजार लिटर. ते ८०-१०० लिटरच्या खेपांनी उतारावरून वाहायचं म्हणजे वेडेपणा. तुमच्याकडे सडा वर आहे, त्याचा फायदा घ्या. वर टाकी बांधा, पाणी उताराने खाली आणा, एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) आणि लांब पाइप वापरा. एटीव्हीने पंप, पाइपची गुंडाळी, औषधं आणि पेट्रोल जागेवर पोचवायचं. लहान कलमं, काजूची नवी लागवड किंवा तणनाशक मारायचं असेल तर ४०-५० लिटरची टाकी, आत आडव्या पडद्या असलेली, सपाट भागात ठीक आहे.

मिनी ट्रॅक्टरशी तुलना लोक हॉर्सपॉवरवर करतात आणि तिथेच फसतात. ५७० ची एटीव्ही ३० च्या पुढे हॉर्सपॉवर देते, मिनी ट्रॅक्टर १५ चा असतो, मग एटीव्ही दुप्पट ताकदीची झाली की! नांगर ओढायला टायरवर वजन लागतं आणि अगदी मंद वेगावर तासन्‌तास ओढत राहणारे गिअर लागतात. १५ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टरही पाऊण टनाच्या आसपास भरतो, त्याला पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर अवजार फिरवणारा दांडा) असतो, मागे हायड्रॉलिकवर अवजार उचलता येतं. एटीव्हीला यातलं काही नसतं आणि तिची ताकद रबरी बेल्टवरून चाकांकडे जाते. रोटाव्हेटर, पीटीओवरचा ब्लोअर, खड्डे खणायचं ऑगर यासाठी ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलरच हवा. तुमच्याकडे भातशेती किंवा आंतरपिकाची मशागत असेल आणि पैसे एकाच यंत्राचे असतील, तर माझं मत मिनी ट्रॅक्टरला. बाग शुद्ध फळबाग असेल, गवत ब्रशकटरने काढत असाल आणि मशागत भाड्याने करून घेत असाल, तरच एटीव्हीचा हिशेब जमतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानाच्या भरवशावर मात्र एटीव्हीचं गणित मांडू नका.

बेल्टकडे परत येतो, कारण कोकणात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त रडगाणं त्याचंच असतं. सीव्हीटीमध्ये, म्हणजे या गाडीच्या आपोआप बदलणाऱ्या गिअर यंत्रणेत, दोन पुली आणि एक बेल्ट. मालासकट, चढावर किंवा ताशी ११ किलोमीटरच्या खाली चालवायचं असेल तर लो गिअर टाकायचा, असं पुस्तिका स्पष्ट सांगते. गडी हाय गिअरमध्येच रेटतो, बेल्ट घसरतो, तापतो, जळका वास येतो आणि मे महिन्यात, ऐन तोडणीत, गाडी उभी. सुटा बेल्ट आणि तो बदलायची हत्यारं शेडमध्ये हवीतच. पावसाळ्यात ओढा ओलांडताना बेल्टच्या डब्यात पाणी शिरलं तर इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. डब्याच्या खालचं बूच काढून पाणी काढा, न्यूट्रलमध्ये रेस देऊन बेल्ट वाळवा, मगच चाला.

फोर व्हील ड्राइव्हवर आंधळा विश्वासही नको. बऱ्याच गाड्यांत मागचं चाक घसरल्यावरच पुढची चाकं आपोआप जोडली जातात. चिखलात याचा छान उपयोग होतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या कातळावर चारही चाकं एकदम घसरतात. तिथे कुठलीच गाडी ऐकत नाही. उतरताना इंजिनाने वेग धरून ठेवायची सोय काही मॉडेलमध्ये असते, काहींत नसते. उतारावरच्या बागेसाठी ती नसलेलं मॉडेल घेऊ नका. माझ्या लेखी ही सोय पॉवर स्टिअरिंगच्याही आधी येते.

आता रानवाटा. गाडी म्हणून सांगायचं तर सस्पेन्शनचा प्रवास पुढे २० सेंटिमीटरच्या पुढे आणि मागे त्याहून जास्त, त्यामुळे दगडगोट्यांच्या वाटेवर ती आरामात चालते. उड्या मारणं, वेगात वळणं यासाठी ती बनलेली नाही. स्पोर्ट क्वाड वेगळ्या, हलक्या असतात. फिरायला निघताना रॅक रिकामे करा, ट्रॉलीचा हुक काढा आणि टायरमधली हवा तपासा, कारण बागेत माल वाहताना हवा वाढवलेली असते आणि तशीच राहिली तर गाडी दगडावरून उडते.

आता मुलाविषयी. लांब सीट पाहून ती दोघांची वाटते. ती चालवणाऱ्याला चढावर पुढे, उतारावर मागे आणि आडव्या जागी वरच्या बाजूला सरकता यावं म्हणून लांब असते. या गाडीचा तोल चालवणाऱ्याच्या अंगावर असतो. मागे कोणी बसलं की तुमचं सरकणं बंद झालं. दोघांसाठी बनवलेली लांब चासीची मॉडेल वेगळी मिळतात. आणि या वर्गाची गाडी १६ वर्षांखालच्या मुलाने चालवायची नसते, असं कंपन्या स्वतःच गाडीवर लिहितात. मुलगा त्याहून लहान असेल तर त्याला हट्टाने बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरच्यांना घेऊन फिरायचंच असेल तर शेजारी-शेजारी सीट, पट्टे आणि डोक्यावर चौकट असलेली यूटीव्ही बघा. तिच्या मागे मालाचा हौदा असतो, पण ती दीड मीटरच्या आसपास रुंद असते, त्यामुळे बागेतल्या वाटा आधी मोजून घ्या.

आणि न्यायची कुठे? राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. राधानगरी अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातले कोयना-चांदोली यांना वर १९७२ चा वन्यजीव कायदा लागू. म्हणजे घाटमाथ्याच्या ज्या वाटा तुमच्या मनात असतील, त्यातल्या बऱ्याच आधीच बाद.

राहिले सडे. ते रिकामे दिसतात म्हणून लोक तिथे गाडी सोडतात आणि मला याचा फार त्रास होतो. तुमच्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे इथे कातळात कोरलेली शिल्पं आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती जांभ्यात उथळ कोरलेली आहेत, मातीने आणि गवताने अर्धी झाकलेली असतात आणि अजून नवी सापडत आहेत. तीन-चारशे किलोची गाडी त्यांच्यावर जागेवर वळली तर कड झिजते आणि ती पुन्हा कोणाला कोरता येणार नाही. पावसाळ्यात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सड्याची फुलं येतात, ती मातीही चाकांनी निघून जाते. सड्यावर मळलेल्या बैलगाडीच्या वाटेने जा, वाटेबाहेर चाक घालू नका आणि जमीनमालकाला विचारून जा. वाळूवर तर नकोच. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर वाळूखाली अंडी असतात. फिरायला तुमची स्वतःची २२ एकर, गावच्या पाणंदी आणि ओळखीच्यांच्या बागांतल्या वाटा कमी नाहीत.

रस्त्यावरचा प्रश्नही यातूनच येतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची नोंदणी होत नाही, त्या सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीत. पोलारिसने काही वर्षांपूर्वी स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर नावाने शेती ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेतलेलं मॉडेल आणलं, तेव्हा एक्स-शोरूम किंमत ८ लाखांच्या घरात होती. तुमची बाग दोन तुकड्यांत असेल आणि मध्ये डांबरी रस्ता ओलांडावा लागत असेल तर नोंदणी होणारंच मॉडेल हवं. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. त्याच मॉडेलची दुसऱ्या कोणाची आरसी बघा, विमा कंपनीला विचारा. दीड-दोन लाखांत मिळणाऱ्या १२५ ते २५० सीसीच्या चेनवाल्या क्वाडचा विचार सोडून द्या. लो गिअर नाही, फोर व्हील नाही, आणि एक बेअरिंग गेलं की सुट्या भागासाठी वणवण.

देखभालीत पुस्तिकेतले तास पाळा, पण धुळीत आणि चिखलात चालणाऱ्या गाडीला ते निम्मे धरा. एअर फिल्टर फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला उघडा. रेडिएटरच्या जाळीत कुसळं अडकतात आणि मंद वेगात माल ओढताना इंजिन तापतं. जाळी मागून पुढे, हलक्या पाण्याने धुवा. प्रेशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका. शेडमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात, त्यामुळे सीटखाली दर काही दिवसांनी नजर टाका. करवंदीच्या काट्यांनी टायर सतत पंक्चर होतात. ट्यूबलेसचा किट आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीवरच ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर नोंदणी होणारी, लो गिअरची, उतरताना इंजिनाने रोखणारी एटीव्ही घेतली असती. सोबत हलकी, शक्य असेल तर ब्रेक असलेली ट्रॉली, चांगलं हेल्मेट आणि परदेशात ज्या गाड्यांना मिळते ती, गाडी उलटल्यावर चिरडण्यापासून वाचवणारी चौकट. मशागत भाड्याने, फवारणी पाइपने. पैसे देण्याआधी मात्र गाडी शोरूमच्या अंगणात फिरवून समाधान मानू नका. विक्रेत्याला गाडी बागेत आणायला सांगा. सहा क्रेट आंब्याच्या वजनाच्या मातीने भरा, ट्रॉलीत ठेवा आणि ज्या उताराची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे त्यावरून त्याला खाली उतरून दाखवायला लावा. मग त्याच्या देखरेखीखाली तुम्ही उतरा, आणि जो गडी रोज चालवणार आहे त्यालाही उतरवा. तिघांपैकी कोणालाही ब्रेकवर उभं राहावं लागलं, तर एकतर वजन कमी करा किंवा ती वाट बदला, आणि ते जमेपर्यंत सौदा थांबवा.